औषध गोड झाल्याची फिर्याद

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझं तोंड कडू होतं. दुःखाने नव्हे, क्विनाइनने. माझ्या नोकरीत दरोडे झाले, घरफोड्या झाल्या, एकदा तर खाडीत बुडालेला माणूस तेराव्याच्या दिवशी जेवायला हजर झाला. पण आता ठाण्याच्या नौपाड्यात संध्याकाळी ओटीवर बसलो की शेजारीपाजारी मला हीच हकीकत सांगायला लावतात. यातल्या कोणाचंही नाव मी घेणार नाही. बरीच माणसं हयात आहेत आणि त्यातल्या एकाच्या हातचं औषध मला अजून अधूनमधून प्यावं लागतं.

मी तेव्हा कल्याणला फौजदार होतो. गणपती उठले होते, भाताला लोंब्या धरल्या होत्या आणि दरवर्षीप्रमाणे निम्मं गाव हिवतापाने कुडकुडत होतं. त्या तापाला एकच औषध, क्विनाइन, आणि त्याचा कडूपणा तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा. सकाळची हजेरी आटोपून शिपाई नाक्यांवर पांगले होते. इतक्यात एक पेन्शनर गृहस्थ एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात औषधाची बाटली घेऊन पोलीस ठाण्यात शिरले. उभा जन्म मामलेदार कचेरीत कारकुनी केलेली, त्यामुळे फिर्याद कशी मांडावी हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी बाटली माझ्या मेजावर ठेवली आणि सांगितलं की सरकारी दवाखान्यातलं औषध गोड झालं आहे, त्याची नोंद घ्यावी.

माझा हवालदार हसू आवरेना म्हणून खिडकीकडे वळला. तिथूनच त्याने विचारलं की रोजनामच्यात काय लिहू, कडूपणाची चोरी? पेन्शनर जागचे हलले नाहीत.

"हसा," ते म्हणाले. "पण माझ्या नातीचा ताप उतरत नाही, आणि ती हे औषध मागून मागून पिते आहे. औषध मागून पिणारं मूल तुम्ही कधी पाहिलंय का, फौजदारसाहेब?"

मी पाहिलं नव्हतं. पोलीस खात्यात माणूस एक गोष्ट शिकतो. लोक जे काम नेहमी रडत करतात ते अचानक हसत करू लागले, तर तिथे जाऊन बघावं. मी बाटलीतलं चमचाभर औषध जिभेवर घेतलं. पेपरमिंट, साखर आणि मागून लिंबाची बारीकशी चव. खोटं कशाला बोलू, मी आणखी एक चमचा घेतला. मग हवालदाराने खालच्या आवाजात कबूल केलं की तोही त्याच दवाखान्याचं औषध घेतोय, चवीला फार छान आहे, पण ताप काही केल्या हटत नाही. त्याचं हसू तिथेच संपलं.

दवाखान्यात गेलो तर जत्रा. एरवी आया पोरांना फरफटत आणायच्या, आज पोरंच आयांना ओढत होती. डॉक्टर वयस्कर, सज्जन, आणि कामाने पिचलेले. ते जिभा बघत, नाडी धरत आणि इंग्रजीत चिठ्ठी लिहून देत. चिठ्ठी पलीकडच्या खिडकीत गेली की कंपौंडर बाटली भरून देई. कंपौंडर नवा होता, आल्याला काही आठवडेच झाले होते. मी त्याच्याविषयी विचारताच डॉक्टर चिडले. त्यांचं म्हणणं, या माणसाकडे मुंबईच्या मोठ्या इस्पितळाचा दाखला आहे, नेमणुकीचा हुकूम आहे, वर ठाण्याच्या कंपौंडर सभेचा बिल्लाही आहे. याहून जास्त पुरावा पोलिसांकडे स्वतःबद्दल तरी असतो का?

या सभेविषयी दोन शब्द सांगतो. त्या काळी कोणा डॉक्टरच्या घरी चार बाटल्या विसळलेला माणूसही स्वतःला कंपौंडर म्हणवून घेई. त्याला आळा घालायचा म्हणून जिल्ह्यातल्या शिकलेल्या कंपौंडरांनी आणि मलमपट्टी करणाऱ्यांनी नौपाड्यात एका दुकानाच्या माडीवर आपली सभा काढली होती. नुसता इस्पितळाचा दाखला दाखवून सभासद होता येत नसे. उमेदवाराने सगळ्यांसमोर औषध तयार करायचं, दोन जुन्या सभासदांनी ते प्यायचं आणि उभं राहून म्हणायचं, "याच्या हातचं औषध मी प्यायलो आहे." मगच खलबत्त्याचं चित्र असलेला पितळी बिल्ला छातीवर लागे. ठाणे शहरातले लोक या प्रकाराची टिंगल करत. पण सिव्हिल सर्जनसाहेब नेमणूक करताना तो बिल्ला बघू लागले होते, त्यामुळे टिंगल हळूहळू कमी होत होती.

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. कंपौंडर हसतमुख, बिल्ला लखलखीत. डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली तरी तो तिच्याकडे न बघता आलेल्या माणसालाच मायेने विचारी, "काय होतंय, काकी? ताप कधी येतो?" बायका त्याच्यावर खूश होत्या. मला फक्त एवढंच दिसलं की त्याचा कोट दंडात घट्ट होता आणि बाह्या मनगटाच्या खाली लोंबत होत्या. कोट चांगला शिवलेला होता, पण या अंगासाठी नव्हे.

पोलीस ठाण्यात परतलो तो प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग बाकावर बसलेला. उंच, काटकुळा, तापातून उठलेला एक तरुण. दवाखान्याच्या शिपायाने त्याला आणून सोडलं होतं. आरोप असा की सकाळी दवाखान्यात येऊन याने दंगा केला आणि खरा कंपौंडर मीच आहे असं ओरडून सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्यावर तोतयेगिरीचा खटला भरायची लेखी मागणी केली होती.

मी त्याची जबानी घेतली. आईवडील नाहीत, नौपाड्यातल्या मामाने वाढवलं, मुंबईत इस्पितळात शिकला, सभेचा बिल्ला मिळाला, कल्याणची नेमणूक आली. रुजू होण्याआधी मामाला भेटावं म्हणून ठाण्याला उतरला. हमालाने डब्यातून पत्र्याची ट्रंक काढून दिली. घरी येऊन उघडली तर आत लिंबं, वाळ्याच्या जुड्या आणि कोकमाची बरणी. दाखला, हुकूम, कोट, बिल्ला, सगळं दुसऱ्याच ट्रंकेत. त्याच दिवशी त्याला तापाने गाठलं, काही आठवडे तो अंथरुणातून उठला नाही, आणि त्याच्या उशाशी अडकलेल्या मामाचं कल्याणला कळवायचं राहून गेलं. उठून कल्याणला आला तर त्याच्या खुर्चीवर त्याचाच कोट घालून त्याच्याच नावाने कोणी दुसरा बसलेला.

हे सगळं त्याने बरंचसं शांतपणे सांगितलं. मग मात्र तो लग्नाच्या गोष्टीवर आला. मामाने त्याचं लग्न कल्याणच्या एका शाळामास्तरांच्या मुलीशी बोलण्यात आणलं होतं. मास्तरांची अट एकच, मुलगा नोकरीवर बसलेला दिसला पाहिजे. मास्तरांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. ते दवाखान्यात जाऊन खिडकीतून बघून आले, दोन शब्द बोलले, आणि एकदम खूश.

"नोकरी गेली तर दुसरी बघेन, साहेब," तो म्हणाला. "पण मास्तर त्यालाच जावई समजून बसलेत."

हवालदार पुन्हा खिडकीकडे वळला. मला मात्र हसू आलं नाही. उद्या हे प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जाणार होतं. तिथे तोतया म्हणून एकदा नाव लागलं की या पोराला कुठल्याही दवाखान्याने उंबरठ्याच्या आत घेतलं नसतं, आणि मुलगीही गेली असती. उलट तो खोटा असता तर त्याला सोडून मी कल्याणची अब्रू घालवली असती.

मी मुंबईच्या इस्पितळाला तार केली. ताबडतोब उत्तर आलं की या नावाने दाखला दिलेला आहे आणि तो अस्सल आहे. दाखला अस्सल आहे हे मलाही दिसत होतं. तो कोणाच्या खिशात आहे हे तारेला कसं दिसणार? मामा धावत आला आणि देवाची शपथ घेऊन सांगू लागला की हा माझा भाचा. डॉक्टर म्हणाले, मामा दुसरं काय सांगणार? लिंबाची ट्रंकही मामाने आणून दाखवली. डॉक्टर म्हणाले, लिंबं बाजारात मिळतात. त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती आणि त्यामुळेच माझा राग वाढत चालला होता.

शेवटी मी ठाण्याहून कंपौंडर सभेच्या चिटणीसांना बोलावून घेतलं. या उमेदवाराचं औषध प्यायलेल्या दोघांपैकी ते एक होते. सकाळच्या गाडीने आले. जाडजूड देह, जाड भिंगांचा चष्मा, आणि खिशात रुमालात गुंडाळलेला स्वतःचा चमचा. दवाखान्याच्या अंगणात मी दोघांना त्यांच्यापुढे उभं केलं. चिटणीसांनी एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि अजिबात न लाजता सांगितलं की दोघांपैकी कोण ते मला ओळखता येत नाही.

डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली. खिडकीवाल्याच्या चेहऱ्यावर हसू होतंच. काटकुळ्या पोराचा चेहरा मात्र पांढरा पडला, आणि माझा तोल गेला. मी चिटणीसांना विचारलं की माणूस ओळखता येत नसेल तर तुमच्या बिल्ल्याचा उपयोग काय, गुरांच्या गळ्यात बांधायला?

त्यांनी शांतपणे चमचा रुमालातून सोडवला. "चेहरा आठवत नाही म्हणालो, फौजदारसाहेब. चव आठवत नाही असं मी कुठे म्हणालो?"

आरोपींची ओळख पटवण्याचे अनेक प्रकार मी पाहिले आहेत, पण असा पुन्हा पाहिला नाही. अंगणात दोन मेजं मांडली. दोघांना सारख्याच बाटल्या, सारखंच पाणी, सारखंच क्विनाइन. औषधांची कपाटं उघडी ठेवली, लागेल ते घ्या म्हणून सांगितलं. पंच म्हणून पेन्शनरांना बसवलं आणि शाळामास्तरांना बोलावलं. मास्तर येताना खिडकीवाल्याकडे बघून ओळखीचं हसले. त्याने नजर चुकवली.

खिडकीवाल्याने क्विनाइनची पांढरी पूड पाण्यात टाकली. ती पिठासारखी वर तरंगू लागली. त्याने बाटली हलवली, घुसळली, उलटी केली. पूड काचेला चिकटली, पण विरघळायचं नाव घेईना. त्याने साखरेचा पाक घातला, पेपरमिंट घातलं आणि इतक्या जोराने बाटली हलवली की कोट काखेत उसवला. दुसरा पोरगा सरळ विषाच्या कपाटाशी गेला. लाल चिठ्ठी चिकटवलेली एक छोटी बाटली त्याने काढली तशी लोकांत कुजबुज झाली आणि पेन्शनरांनी खुर्ची मागे सरकवली. त्याने थोड्या पाण्यात पूड घेतली आणि पातळ तेजाबाचे मोजके थेंब तिच्यावर सोडले. बघता बघता पूड नाहीशी झाली आणि पाणी नितळ झालं.

खिडकीवाला स्वतःची बाटली हलवायची विसरला. मान पुढे काढून तो डोळे विस्फारून बघत होता.

"असं होय," तो म्हणाला.

अगदी मनापासून म्हणाला. एवढे आठवडे ज्याने साऱ्या गावाला तापाचं औषध पाजलं त्याच्या तोंडून हे दोन शब्द निघाले. मी ते पंचनाम्यात जसेच्या तसे लिहून घेतले. माझ्या मते खटला तिथेच संपला होता, पण चिटणीस ऐकायला तयार नव्हते. सभेची रीत म्हणजे रीत. त्यांनी खिडकीवाल्याचं औषध चाखलं, ओठ पुसले आणि म्हणाले की बारशाला उत्तम. मग दुसरी बाटली. एक चमचा घेतला मात्र, त्यांचा सगळा चेहरा नाकापाशी गोळा झाला. डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी चमचा पुसून रुमालात गुंडाळला. मग ते उभे राहिले, पोटावरचा कोट खाली ओढला आणि सबंध अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "याच्या हातचं औषध मी प्यायलो आहे."

डॉक्टरांनी विचारलं की कडू तर प्रत्येक क्विनाइन असतं, मग ओळखलंत कसं? चिटणीस म्हणाले की हा मुलगा कडूपणा झाकायला शेवटी संत्र्याच्या सालीचा अर्क घालतो, आणि इतका घालतो की औषध होतं त्याहून कडू होतं. सभेतही त्याने हाच गाढवपणा केला होता आणि तेव्हाही ते त्याला बोलले होते.

"बोलला होतात," पोरगा मान खाली घालून म्हणाला. मग डॉक्टरांनी स्वतः दोन्ही बाटल्या चाखल्या, त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खिडकीकडे घेऊन गेले. रांग तशीच बसलेली होती. पेन्शनरांनी नातीला पुढे केलं. तिने पहिला घोट घेऊन भोकाड पसरलं, तसे म्हातारबुवा रुमालाने डोळे पुसत हसू लागले.

तोतयाची जबानी घ्यायला मला आवाजसुद्धा चढवावा लागला नाही. खडवलीकडचा हा माणूस, ठाण्याच्या स्टेशनावर सरबत विकायचा. माल घेऊन मुंबईहून परत येताना हमालाने ट्रंका बदलल्या. त्याने आतला हुकूम कोणाकडून तरी वाचून घेतला आणि ट्रंक परत करायलाच तो कल्याणच्या दवाखान्यात आला होता. वाटेत सरीने भिजला म्हणून ट्रंकेतला कोरडा कोट अंगात घातला. त्यावर बिल्ला होता. डॉक्टरांनी बिल्ला पाहिला, एवढा उशीर का म्हणून झापलं आणि हाताला धरून खिडकीत बसवलं.

"बोलू देतील तर सांगेन ना, साहेब," तो म्हणाला. "आणि मग लोक कंपौंडरसाहेब म्हणायला लागले. स्टेशनावर मला आजवर अरे सरबत एवढंच म्हणायचे."

चिठ्ठ्या इंग्रजीत, याला मराठीच जेमतेम वाचता येई, म्हणून तो माणसालाच विचारायचा की काय होतंय. पूड विरघळेना, लाल चिठ्ठ्यांच्या कपाटाला हात लावायची छाती होईना. निदान कोणाला अपाय तरी नको म्हणून त्याला जे येत होतं ते त्याने दिलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण मास्तर मुहूर्ताचं विचारू लागले तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. कोणीतरी येऊन आपल्याला धरावं म्हणून तो रोज वाट बघत होता. माझ्याबद्दल त्याची तक्रार एवढीच की मी फार उशीर केला.

मला हसू येत होतं, तरी मी त्याला खडसावलं. ज्याला क्विनाइन हवं त्याला सरबत पाजणं म्हणजे बुडत्याला दोरीऐवजी हार देणं. त्याने मान खाली घातली आणि विचारलं की पेन्शनरांची नात वाचेल ना. तो प्रश्न त्याने शिक्षा कमी व्हावी म्हणून विचारलेला नव्हता, एवढी माणसं मीही ओळखतो. मुलगी वाचली. माझा हवालदारही खडखडीत बरा झाला. मॅजिस्ट्रेटपुढे तोतयाने सगळं कबूल केलं. खऱ्या कंपौंडरने आपण होऊन साक्ष दिली की याने विषाच्या कपाटाला हात लावला नाही, हे त्यातल्या त्यात शहाणपण. थोडक्या कैदेवर भागलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. तोवर मी कागदावर फार भरवसा ठेवत असे. शिक्का दिसला की खात्यातल्या माणसाचं निम्मं समाधान होतं. पण कागद एवढंच सांगतो की कोणीतरी कधीतरी कोणालातरी पारखलं होतं. त्या माणसासाठी आज उभं राहायला कोणी आहे का, ते कागदाला सांगता येत नाही. नौपाड्याच्या माडीवरच्या त्या सभेला मी पुढे कधी हसलो नाही.

लग्न पुढच्या वैशाखात झालं. मला अगत्याचं बोलावणं होतं. ऊन मी म्हणत होतं. मांडवात बसताच हातात सरबताचा पेला आला. एक घोट घेतला आणि थबकलो. पेपरमिंट, साखर आणि मागून लिंबाची बारीकशी चव. वर पाहिलं तर मांडवाच्या कडेला पितळी हंड्यामागे तोच माणूस खाली मान घालून लिंबं पिळत होता. कैदेतून सुटून आला होता. एवढ्यात मास्तरांनीही त्याला ओळखलं. त्यांचा पेला ओठांपर्यंत जाऊन थांबला. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली, तुरुंगातून आलेल्याच्या हातचं कसं प्यायचं. त्या माणसाने पिळत असलेलं लिंबू खाली ठेवलं आणि निघून जायला धोतर सावरलं.

तेवढ्यात नवरदेव मुंडावळ्या सांभाळत उठला. त्याने पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "याच्या हातचं सरबत मी प्यायलो आहे."

पंगतीच्या टोकाला सभेचे चिटणीस बसले होते. तेही कष्टाने उठले, चष्मा सरळ केला आणि आपला रिकामा पेला वर धरून म्हणाले, "मीही."

सभेच्या रीतीला दोनच माणसं लागायची. मास्तरांनी क्षणभर जावयाकडे पाहिलं आणि पेला तोंडाला लावला.